गाद्यांच्या मध्ये अडकलेलं गाणं

मेहकरात असं घर सापडणार नाही ज्यानं माझ्या तोंडावर खिडकी लावली नाही. राग नाही, धंदाच तसा आहे. दुपारी दोन घास खाऊन माणूस आडवा झालेला असतो, त्याचा डोळा लागायला आणि गल्लीत माझी रिक्षा यायला एकच गाठ पडते. "माता-भगिनींनो, आपल्या मेहकर शहरात प्रथमच" एवढं ऐकलं की आतून कोणीतरी उठतं आणि धाडकन खिडकी लागते. रिक्षात मी नसतोच, माझा आवाज असतो. मी त्या वेळी बसस्टँडमागच्या खोलीत पुढचा सेल रेकॉर्ड करत बसलेला असतो.

माझं नाव हमीद, दुकानाचं नाव नूर साउंड. आता घसा बसला म्हणून दुकान पुतण्याच्या हाती दिलं आहे. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला की चाचा, धंद्यातले अनुभव लिहा आणि तुमच्या बोलीत लिहा. मी म्हटलं, बोलीत तासभर बोलतो, पण लिहायला बसलो की 'मले' हा शब्द माझ्या हातून उतरत नाही. त्याचं कारण आमचे काळे गुरुजी. खरं तर त्यांचीच हकीकत सांगायची आहे, पण आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

गावात काहीही व्हायचं असलं की ते आधी माझ्या खोलीत येतं. साड्यांचा सेल, आनंदमेळा, डोळ्यांची मोफत तपासणी, हरवलेलं पोर, वारलेला म्हातारा. मी माइकसमोर बसून ते बोलायचं, पेनड्राइव्हमध्ये भरायचं, रिक्षावर दोन भोंगे बांधायचे आणि रिक्षा गल्लोगल्ली सोडायची. लोकांना वाटतं यात काय, ओरडायचं. ओरडायचं तर मुळीच नसतं. कोणतंच घर पूर्ण जाहिरात ऐकत नाही. रिक्षा दारावरून पुढं जाते तेवढ्यात जो तुकडा कानावर पडेल तोच त्या घराचा. म्हणून दुकानाचं नाव तीनदा घ्यायचं, आणि मजकूर असा बांधायचा की कुठूनही कापला तरी गिऱ्हाइकाच्या हाती काहीतरी लागावं. "गाद्या, गाद्या, गाद्या" असं आम्ही हौसेनं म्हणत नाही.

आवाजही वेगवेगळे ठेवावे लागतात. सेलचा आवाज हसरा, पाणीपट्टीचा दमात घेणारा, निधनाचा खाली मान घातलेला. डोणगाव रस्त्यावर एका घरचे वडील वारले तेव्हा थोरला मुलगा माझ्याकडे आला. मी निधनाची वार्ता बोललो, त्याला ऐकवली, त्याला पसंतच पडेना. म्हणे फार मवाळ झालं. शेजारच्या म्हाताऱ्याच्या वेळी दोन रिक्षा फिरल्या होत्या, आमच्या बाबांचं त्याहून कमी वाटता कामा नये. मग त्यानं स्वतः मजकूर वाढवला आणि शेवटी "तरी सर्वांनी सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून शोभा वाढवावी" असं घालायला लावलं. मी विनवून पाहिलं, पण गिऱ्हाईक ऐकायला तयार नाही. माणसं मात्र तुफान जमली. एकदोघं आहेर घेऊन आले होते असं म्हणतात, मी पाहिलं नाही.

आता भोंग्याची एक खोड सांगतो. भोंगा आवाजातला जाड भाग खाऊन टाकतो आणि नाकातला तेवढा बाहेर सोडतो. त्यामुळे भोंग्यातून आलेला आवाज घरच्या माणसालाही ओळखू येत नाही. माझी बायको रेहाना लग्नानंतर पहिल्याच वर्षी सेलमधून कुकर घेऊन आली. मला सांगते, रिक्षातला माणूस इतक्या गोडीनं बोलत होता की जावंसंच वाटलं, नाहीतर आमच्या घरी एक माणूस आहे, धड दोन शब्द बोलत नाही. तो रिक्षातला माणूस मीच, हे तिला आजही पटलेलं नाही.

आणि ती म्हैस. शेजारच्या खेड्यातल्या एकाची म्हैस हरवली. त्यानं हट्टच धरला की चंद्री माह्याच आवाजाले येते, तुमच्या नाही, मलेच बोलू द्या. त्याला माइकसमोर बसवला. दिवसभर रिक्षा "ये वं चंद्रे, ये वं" करत फिरली. रिक्षावाल्याला ती दिसलीही, तलावाच्या काठी निवांत उभी होती. मालकाची हाक दोन्ही भोंग्यांतून तिच्या कानाशी गेली आणि तिनं मानसुद्धा वर केली नाही. दिवे लागायच्या वेळी आपली आपण घरी आली. मालकाला ते फार लागलं. मी त्याला समजावलं की तिचा काही दोष नाही, दोष भोंग्याचा. ही म्हैस जरा लक्षात असू द्या.

तर काळे गुरुजी. आमच्या गावात मराठी शिकवून रिटायर झाले, अर्धा तालुका त्यांच्या हाताखालून गेला. दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. एक, वर्गात कोणी 'मले-तुले' केलं की त्याला उभं करायचे, 'मला' म्हण आणि मग बस. दुसरी, दिलेला मार्क कधी बदलायचे नाहीत. पालक येऊन ओट्यावर बसत, पुढारी फोन करत, गुरुजींचं एकच उत्तर असायचं की पेपर तपासून झाला. माझी रिक्षा गल्लीत शिरली की पहिली खिडकी लागायची ती त्यांची. आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन "हमीदभाई, 'प्रथमच' आणि 'पहिल्यांदाच' एका वाक्यात येत नाहीत" असं सांगायलाही तेच यायचे. म्हणजे खिडकीआडून सगळं ऐकायचे, चुका काढण्यापुरतं.

त्यांचा धाकटा नितीन पुण्याला इंजिनियर झाला, तिथं थोडे दिवस नोकरी केली आणि एक दिवस पाठीला गिटार लावून परत आला. वरातीत ताशा वाजवणारा अस्लम आणि मोबाइल दुरुस्तीवाला पंक्या यांना धरून त्यानं बँड काढला. बँड म्हटल्यावर लोक लग्नाची तारीख घेऊन यायला लागले. नाव ठेवलं 'विनंती थांबा'. फाट्यावर ती पाटी असते ना, प्रवाशानं हात केला तरच गाडी थांबते, तीच. अल्बमचं नाव 'पुढची गाडी'. स्वतःच लिहिलेली, स्वतःच चाली लावलेली गाणी, आणि सगळी आपल्या वऱ्हाडीत. हा पोरगा घरी बोलायचा ते अगदी शुद्ध 'मला-तुला'. माझ्या दुकानाची पायरी चढला की 'मले-तुले' चालू. गाणी या दुसऱ्या तोंडातून यायची, आणि घरी त्याचा पत्ता नव्हता.

रेकॉर्डिंगला त्याला माझी खोली पाहिजे होती. मी म्हटलं, अरे बापा, या खोलीत मी सेल अन् मयती बोलतो. तो म्हणाला, "मंग जागा बरोबर हाये चाचा. आमचे गाणेबी त्याच्यातलेच हायेत."

गुरुजींनी मात्र अट घातली होती, आणि तीही शाळेच्या हिशेबानं. मास्तर आपल्या पोराचा पेपर तपासत नसतो. नितीन शाळेत होता तेव्हाही त्याचा पेपर ते दुसऱ्या मास्तरांकडे द्यायचे. तेव्हा अल्बम मी ऐकणार नाही, बापाच्या मताला किंमत नाही. पण ज्याच्याशी आपली ओळखपाळख नाही, नातं नाही, असा एक माणूस, एकच, हे चांगलं आहे असं म्हणाला पाहिजे. मुदत आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. म्हणाला तर गा जन्मभर. नाही तर गिटार माळ्यावर आणि तलाठ्याच्या परीक्षेचा क्लास. नितीननं शब्द दिला. आम्हा सगळ्यांना वाटलं, किती सोपी अट आहे, एवढ्या मोठ्या जगात एक माणूस तर पाहिजे.

खोलीत आवाज घुमायचा. जाहिरातीला घुमलेला चालतो, दुकान मोठं वाटतं. गाण्याला चालेना. भिंतींना गाद्या लावाव्या असं ठरलं. समोरच मोहनशेठचं गाद्यांचं दुकान. शेठ म्हणाले, न्या पाहिजे तेवढ्या, पण हा अल्बम जिकडे फिरेल तिकडे माझी जाहिरात त्याच्यासोबत फिरली पाहिजे. मी हो म्हटलं. जबान दिली म्हणजे दिली, आमच्या धंद्यात तसंच चालतं.

दुसरी अडचण अन्वरच्या पिठाच्या गिरणीची. तिची आमची भिंत एक. गिरणी बंद असेल तेव्हा रेकॉर्ड करू म्हटलं, तर लाइट असली की गिरणी चालू, आणि लाइट असली तरच आमचा माइक चालू. शेवटी अस्लम म्हणाला, तिच्याच ठेक्यावर घेऊन टाकू. सगळा अल्बम असा गिरणीच्या धडधडीवर झाला.

एक गाणं होतं, त्यात गाडीचा ड्रायव्हरच बोलतो. उन्हातल्या फाट्यावर कोणी नाही, तरी तो ब्रेक मारतो. 'हात कोनं केला नाही, तरी मी थांबलो.' नितीन ते गायला आणि हेडफोन लावलेल्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उगाच नाही आलं. माझी रिक्षा कोणासाठी थांबत नसते. इतकी वर्षं बोललो, पण माझ्या बोलण्यात कोणी अडकून पडल्याचं मला आठवत नाही. मला त्या पोराचा हेवा वाटला.

अल्बम इंटरनेटवर टाकला. पण मेहकरात जी गोष्ट रिक्षावरून फिरली नाही ती झालीच नाही असं धरतात. मग रिक्षा काढली. माझ्या धंद्याच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक गल्लीच्या वाट्याला एक तुकडा आला, आणि प्रत्येक गल्लीनं तेवढ्यावर मत बनवलं. बालाजीच्या गल्लीला नुसती सुरुवातीची गिटार मिळाली, ते म्हणाले शांत आहे, भजनासारखं आहे. बसस्टँडसमोर अस्लमचा ठोका आला, तिथं दोघं जण नाचले. जानेफळ रस्त्याला नेमकी दोन गाण्यांच्या मधली शांतता गेली, त्यांचं म्हणणं पडलं की मशीन बिघडलं. बाजारात मोहनशेठची जाहिरात गेली. बाजारवाले म्हणाले, सगळ्यात चांगलं तेच, काय म्हणून राह्यला ते समजते तरी. गुरुजींनी त्या दिवशी खिडकी तर लावलीच, वर कानात कापसाचे बोळे घातले. तो पेपर त्यांनी तपासायचा नव्हता ना.

चांगलं म्हणणारे निघाले, नाही असं नाही. न्हावी म्हणाला फस्क्लास. तो गुरुजींचा विद्यार्थी, बाद. पोस्टमन म्हणाला बरं आहे. त्याचा बाप गुरुजींचा विद्यार्थी, बाद. मग बँकेत एक साहेब बदलून आले, थेट गोंदियाकडचे. त्यांना गाणी आवडली म्हणताच नितीन त्यांना हाताला धरून घरी घेऊन गेला. गुरुजींनी पाणी दिलं, आडनाव विचारलं. मग मूळ गाव, मग आजोळ, मग मावशा किती. चहा येईपर्यंत साहेबांची एक मावशी गुरुजींच्या साडूच्या चुलतभावाला दिलेली निघाली. गुरुजी आनंदानं म्हणाले, म्हणजे तुम्ही घरचेच. साहेब जेवून गेले. नितीनचा एक माणूस कमी झाला.

मग पुण्याहून मोठी आशा आली. तिथल्या एका समीक्षकानं इंटरनेटवर लांबलचक लिहिलं. अल्बमच्या पोटात एक अखंड यांत्रिक धडधड आहे, खेड्यावर चाल करून येणाऱ्या यंत्रयुगाची ती पावलं आहेत, असं त्याचं म्हणणं. मी अन्वरला वाचून दाखवलं. तो विचार करून म्हणाला, नाही, तवा आपण जवारी दळून राह्यलो होतो. पण स्तुती ती स्तुती, आणि माणूस अनोळखी. गुरुजींनी नुसतं आडनाव पाहिलं आणि दोन फोन लावले. समीक्षकाचं आजोळ देऊळगाव राजाचं, आणि सख्खा मामा गुरुजींच्या सोबत बी.एड.ला. मामा फोनवर रडले म्हणे, इतक्या वर्षांनी मित्राचा आवाज ऐकून. समीक्षक बाद.

राहिला मुंबईचा, इंग्रजीत लिहिणारा. त्याचं कूळ आणि मूळ गुरुजींच्या बापालाही सापडलं नसतं. हा खरा परका माणूस. त्यानं चारच ओळी लिहिल्या. गिटार ठीक आहे, पण गाणाऱ्याची बोली कानाला रांगडी लागते, भाषा सुधारली तर पुढं काही आशा आहे.

नितीन त्या दिवशी माझ्याकडे येऊन गादीला टेकून बसला. पुण्यात होस्टेलची पोरं त्याला मध्ये उभं करून "जाऊन राह्यलो" म्हणायला लावायची आणि पोट धरून हसायची, हे त्यानं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मग म्हणाला, "चाचा, घरी ही भाषा चुकते, पुण्यातबी हेच चुकते. मंग मी बोलू कुठं?"

त्यानं गिटारीच्या तारा सैल केल्या आणि ती माझ्याकडेच ठेवून गेला. क्लासला नाव घालायचं त्यानं मनाशी धरलंच होतं. आखाजी आठवड्यावर आली होती आणि माझ्या जिवाला काही चैन पडेना. या पोराला मी गाताना ऐकलं होतं, तो तलाठी होऊन सातबाराचे उतारे लिहीत बसेल हे मला सोसवत नव्हतं.

मग मला रोहिणखेडचा युसूफ आठवला. त्याची रिक्षा तिकडं मोताळा, खामगाव पट्ट्यात बाजारांना फिरते, जाहिराती माझ्याकडून मोबाइलवर जातात. त्यानं गुरुजींना जन्मात पाहिलेलं नाही, आणि गुरुजींचं त्या बाजूला कोणी नाही अशी माझी समजूत होती. मी त्याला सगळा अल्बम पाठवला आणि म्हटलं, पिंपळगाव राजाच्या बाजारात लाव. कोणी एक जरी चांगलं म्हणाला तर त्याचं नाव-गाव विचारून ठेव. सोबत मोहनशेठच्या गाद्यांची जाहिरातही पाठवली, जबान दिली होती. आता युसूफची रीत अशी की जाहिरातीची वेळ झाली की जे चालू असेल ते तिथंच तोडून जाहिरात लावायची. तोडू नको असं सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. जन्मभर तुकडेच विकले, अख्खं काही फिरवायची सवय कुठं होती.

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी युसूफचा फोन आला, वैतागलेला. म्हणे, चाचा, तुमच्या रेकॉर्डिंगनं एक म्हातारा माह्या मागं लागला. बसस्टँडवर उभा होता, हातात पिशवी, खिशाला दोन पेनं. एक गाणं चालू होतं, मध्येच गाद्या लागल्या, तर हा पायी रिक्षाच्या मागं. त्याची गाडी आली, भरली अन् गेली, याचं लक्ष नाही. धान्य बाजारापर्यंत मागं आला. म्हणे परत लाव, पुढं काय आहे ते ऐकायचं आहे. मी म्हटलं, बाबा, ते गाद्यांत कटते, पुढचं मले काय माहीत, मेहकरात नूर साउंडले विचारा. मग कुठं सुटका झाली.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. माझ्या धंद्यात रिक्षापासून दूर पळणारी माणसं असतात, मागं येणारा मी कधी ऐकला नव्हता. विचारलं, नाव काय त्याचं, गाव कोणतं. युसूफ म्हणाला, तेवढं इचारायचं राहून गेलं. मी त्याला जे बोललो ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. नितीनला सांगितलं तर तो कसनुसा हसला. म्हणाला, नाव नाही, गाव नाही, बाबा कसे धरतील. बरोबरच होतं त्याचं. अनोळखी माणूस मिळाला होता, पण तो इतका अनोळखी निघाला की काही कामाचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो न उघडतो तोच काळे गुरुजी हजर. मला वाटलं नितीनचा विषय काढतील, किंवा माझ्या जाहिरातीतली एखादी चूक. ते बसले, पिशवी मांडीवर घेतली, आणि म्हणाले, "हमीदभाई, वाक्य अर्धवट सोडणं बरं नाही."

मी म्हटलं, कोणतं वाक्य.

"काल पिंपळगाव राजाला होतो. एक जुने सहकारी आता तिथं स्थायिक झाले, त्यांची वास्तुशांती. येताना बसस्टँडवर तुमची रिक्षा आली. 'हात कोनं केला नाही, तरी मी.' इथंच थांबलं, आणि पुढं गाद्या. तरी मी काय? कर्ता आहे, क्रियापद नाही. माझी गाडी चुकली त्यापायी. झोप नाही मला."

माझे हात माइकच्या तारेवर होते, ते तिथंच राहिले. खिशाला दोन पेनं. तलावाच्या काठी उभी असलेली ती म्हैस माझ्या डोळ्यांपुढं आली. गुरुजींची तिच्याशी बरोबरी करायची माझी टाप नाही, पण आली हे खरं. हसू येत होतं आणि छातीत धडधडतही होतं, अन्वरची गिरणी अजून चालू झालेली नसताना.

मी शक्य तितक्या साध्या आवाजात, डोळ्यांच्या मोफत तपासणीच्या आवाजात म्हणा, विचारलं की गाणं कसं वाटलं. गुरुजी म्हणाले, चांगलं आहे. भाषा गावरान आहे, पण तिथं दुसरी चालणारच नाही, 'कोणी' म्हटलं असतं तर ती ओळ पडली असती. मी म्हटलं, मार्क किती द्याल. त्यांनी खरंच विचार केला. वर बघितलं, ओठ हलले, आणि म्हणाले, दहापैकी आठ. गुरुजींच्या हातून मराठीला आठ मिळाल्याचं तालुक्यात कोणाच्या ऐकिवात नाही.

"गाणारा तुमच्या ओळखीचा आहे का गुरुजी?"

"छे. या तालुक्यातला असता तर मी ओळखला असता. कोणाचं पोरगं आहे हे? आमच्या नितीनला ऐकवा एकदा. गाणं कशाला म्हणतात ते तरी कळेल त्याला."

मी खोलीतले मोठे स्पीकर चालू केले, ज्यांतून माणसाचा आवाज माणसासारखा येतो, आणि ते गाणं पहिल्यापासून लावलं. पहिल्या ओळीला गुरुजी मान डोलवत होते. दुसऱ्या ओळीला मान थांबली. मग त्यांनी चष्मा काढला आणि तो हातातच राहिला. गाडी फाट्यावर आली. हात कोनं केला नाही, तरी मी थांबलो. क्रियापद आलं. गाणं संपलं तरी गुरुजी मोहनशेठच्या गादीला पाठ लावून तसेच बसून होते. शेजारी अन्वरनं गिरणी चालू केली.

मग ते बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून ते ऐकलं.

"घरी तं तो माह्याशी असा बोलत नाही, हमीदभाई."

मी म्हटलं, "घरी त्याले 'मला' म्हणा लागते, गुरुजी."

त्यांनी नाक पुसलं, चष्मा घातला. मला भीती वाटली की आता म्हणतील, हा तर आपलाच, पेपर बाद. मी भीत भीत विचारलंही, मार्काचं काय. गुरुजी उठून उभे राहिले. त्यांचा वर्गातला आवाज परत आला होता. म्हणाले, नाव झाकलेलं होतं, पेपर तपासून झाला, दिलेला मार्क मी बदलत नाही. पायरी उतरताना मात्र वळले आणि बजावून गेले की परीक्षकाचं नाव गुप्त असतं, त्याला काही सांगायचं नाही.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी नितीनला एवढंच सांगितलं की हमीदभाईंना पिंपळगाव राजाचा तो माणूस भेटला, आणि हमीदभाईंचा शब्द मी धरतो. आखाजीला पुरणपोळी झाली, क्लासचं नाव परत कोणी काढलं नाही. नितीन धावत माझ्याकडे आला, गिटार उचलली, आणि माझा हात धरून हळूच म्हणाला, चाचा, माह्यासाठी तुमी खोटं बोलले, हे मी विसरणार नाही. मी जन्मभर "शेवटचे दोन दिवस" म्हणून महिना महिना सेल चालवलेला माणूस. एकदाच माझ्या नावावर खरी गोष्ट सांगितली गेली, तर ती खोटी ठरली. गप्प बसलो, करणार काय.

आता लिहितो आहे ते गुरुजींना विचारून. ते म्हणाले, निकाल लागून बरेच दिवस झाले, आता पेपर दाखवायला हरकत नाही. नितीनचा दुसरा अल्बम चालू आहे, तोही वऱ्हाडीत. घरी तो अजून 'मला' म्हणतो. पण परवा चुकून 'मले चहा दे' म्हणाला आणि गुरुजींनी उभं केलं नाही, हे मला त्यांच्या घरूनच कळलं.

दुकान पुतण्याला द्यायच्या आधी एक दिवस मी स्वतः रिक्षात बसलो. माझा आवाज गावातून कसा जातो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. रिक्षावाल्याला म्हटलं, गुरुजींच्या गल्लीत घे, 'थांबलो'चं गाणं लाव, आणि तोडू नको. सगळ्या गल्लीनं आपापल्या खिडक्या लावून घेतल्या. गुरुजींची उघडी होती. आत ते गजाला धरून उभे होते. मी रिक्षा थांबवायला सांगितली, पहिल्यांदाच, आणि गाणं शेवटपर्यंत त्या खिडकीसमोर वाजलं. मग मोहनशेठला दिलेल्या जबानप्रमाणे माझा आवाज सुरू झाला, गाद्या, गाद्या, गाद्या. गुरुजींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि खिडकी लावून घेतली.